एकास बहात्तर

आमच्या बंगळूरच्या घरातले अर्धे जेवणाचे टेबल गेले तीन महिने एका विमानाने अडवले आहे. विमान म्हणजे प्लास्टिकचे मॉडेल. खोके उघडले तेव्हा त्यात विमानासारखे काहीच दिसत नव्हते. राखाडी रंगाच्या चौकटी होत्या आणि त्यांना द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले शेकडो तुकडे होते. पंखाचा वरचा भाग, पंखाचा खालचा भाग, चाके, मशीनगनची नळी, वैमानिकाची खुर्ची. प्रत्येक तुकड्याला नंबर होता. सोबत सूचनांची घडीपत्रिका आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा कागद. मॉडेल करणारे या चिन्हांना डेकल म्हणतात. खोक्यावर चित्र होते अमेरिकन बी-२४ लिबरेटरचे, दुसऱ्या महायुद्धातल्या अवजड बॉम्बफेकी विमानाचे.

संच जपानी बनावटीचा. ज्या विमानांनी जपानी सैन्याचे लोहमार्ग आणि बंदरे उद्ध्वस्त केली, त्यांची अशी रेखीव प्रतिकृती आज जपानी कारागिरांच्या साच्यांतून बाहेर पडते. हा विरोधाभास बाजूला ठेवून मी कटर हातात घेतला, तो एका वेगळ्याच कारणासाठी. मला या विमानावर खोक्यातली चिन्हे लावायची नव्हती. मला ते भारतीय वायुदलाचे करायचे होते, आणि त्यासाठी लागणारी चिन्हे खोक्यात नव्हती.

मॉडेलचे प्रमाण एकास बहात्तर. हा बहात्तरचा आकडा फूट-इंचांच्या जगातला आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट आणि सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने प्लास्टिकच्या विमानांचे जुळणी-संच निघाले, तेव्हापासून हे प्रमाण रूढ झाले. पण त्याला खरे महत्त्व आले ते युद्धामुळे. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे काही सेकंदांत ओळखायला तोफखान्यावरच्या पोरांना शिकवायचे होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदल खात्याने शाळकरी मुलांकडे पाच लाख लाकडी मॉडेल मागितली, ती याच प्रमाणात. हिशेब सरळ होता. मॉडेल पस्तीस फुटांवर धरले की ते सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. आज जो रविवारचा छंद आहे तो मारायचे कुणाला आणि सोडायचे कुणाला, हे शिकवण्याच्या गरजेतून पसरला.

या प्रमाणाची एक गंमत मला उशिरा कळली. लांबी बहात्तर पटींनी कमी होते, पण वजन बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर, म्हणजे सुमारे पावणेचार लाख पटींनी कमी व्हायला हवे. रिकाम्या लिबरेटरचे वजन साडेसोळा टन. त्या हिशेबाने माझे मॉडेल अवघे ४४ ग्रॅम भरायला हवे. उलट खऱ्या विमानाच्या अंगावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. माझ्या मॉडेलचे प्लास्टिकही साधारण तेवढेच जाड. प्रमाणात सांगायचे तर मी सात सेंटिमीटर जाडीच्या पत्र्याचे विमान जोडत होतो. आत बसलेल्या माणसांना प्रत्यक्षात असे संरक्षण कधीच नव्हते. छोट्या प्रतिकृतीत युद्ध नेहमी असे मूळच्यापेक्षा भक्कम आणि सुरक्षित दिसते.

लिबरेटर हे सॅन दिएगोच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचे विमान. पंखांचा विस्तार ११० फूट, चार इंजिने, प्रत्येक १,२०० अश्वशक्तीचे. पंख लांब आणि अरुंद, धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले; त्यामुळे इंधन कमी लागे आणि विमान लांबवर जाई. पोट खोल आणि चपट्या बाजूंचे. बॉम्ब टाकायची दारे खाली उघडत नसत, जुन्या मेजाच्या गुंडाळत्या झाकणासारखी बाजूने वर सरकत. देखणे म्हणावे असे हे विमान नाही. पण ते जितके बनले तितके दुसरे कुठलेही अवजड बॉम्बफेकी विमान बनले नाही. एकूण १८ हजारांहून अधिक, त्यांतली साडेआठ हजारांवर फोर्ड कंपनीच्या डेट्रॉइटजवळच्या विलो रन कारखान्यात. १९४४ मध्ये, काम ऐन भरात असताना, तिथून साधारण दर ६३ मिनिटांनी एक लिबरेटर बाहेर पडे. माझ्या एका विमानाला तीन महिने लागले आहेत, आणि मला रिव्हेट ठोकायचे नव्हते.

धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन भरावे लागते. लिबरेटर तीन चाकांवर उभे राहते, पुढे एक आणि मागे दोन. नाक हलके राहिले तर मॉडेल शेपटीवर बसते. मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मी वैमानिकांच्या पायांखालच्या पोकळीत आणि पुढच्या कप्प्यात ठासून भरल्या. खऱ्या विमानालाही हीच खोड होती. रिकामे असताना माणसे मागच्या भागात गेली की ते शेपटीवर बसू शके. म्हणून जमिनीवर त्याला मागून टेकू देत. मॉडेल करताना असा एखादा दोष मुळाशी जुळला की उगाच आनंद होतो.

ही विमाने आपल्याकडे आली ती १९४२ नंतर. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता आणि बंगाल-आसाम युद्धाच्या तोंडावर आले होते. बंगालमध्ये धावपट्ट्यांची रांगच उभी राहिली. अमेरिकनांचा सातवा बॉम्बर गट पांडवेश्वरला, ब्रिटिशांच्या लिबरेटर स्क्वाड्रन मेदिनीपूर जिल्ह्यात डिग्री आणि शालबनीला, नदिया जिल्ह्यात धुबुलियाला. या धावपट्ट्या बांधायला मोठी यंत्रे थोडी आणि माणसे फार होती. डोक्यावर खडीची टोपली घेतलेल्या बायका आणि त्यांच्यामागे उभी चार इंजिनांची विमाने, असे फोटो तेव्हाचे आहेत.

आणि हेच १९४३ साल होते. मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये प्रचंड चक्रीवादळ येऊन गेले होते. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या आणि जादा तांदूळ आधीच उचलले होते. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, आणि बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरू लागली. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. ज्या जिल्ह्यांत लोक भाताच्या पेजेसाठी दारोदार फिरले, त्यांच्याच डोक्यावरून ही विमाने सात-आठ हजार पौंडांपर्यंत बॉम्ब घेऊन पूर्वेला जात होती. दोन्ही गोष्टींचा थेट कार्यकारणभाव जोडणे सोपे आहे आणि तितकेच चुकीचे ठरेल. पण पेट्रोल, बॉम्ब आणि सैनिकांचा शिधा पोचत होता आणि धान्य पोचत नव्हते, एवढे तरी म्हणावेच लागते.

ती विमाने जात कुठे? रंगूनला, ब्रह्मदेशातल्या रेल्वेच्या पुलांवर, सयामच्या लोहमार्गावर. ऑक्टोबर १९४४ मध्ये डिग्रीच्या १५९ स्क्वाड्रनने तीन हजार मैलांहून अधिक लांबीचा जाऊन-येऊन प्रवास करून मलायातल्या पेनांग बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले. इंधनाचा थेंब अन् थेंब मोजत उडण्याची रीत त्यासाठी बसवावी लागली. विमानविद्येच्या दृष्टीने हा पराक्रमच होता, आणि पुस्तकांत तो तसाच सांगितला जातो.

मॉडेलच्या खोक्यात बॉम्बही असतात. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, मागे बारीक पंख असलेले तुकडे. ते काचपेपरवर घासून गुळगुळीत करताना माझा हात पहिल्यांदा थांबला. रंगून हे युद्धापूर्वी अर्धे भारतीय शहर होते. १९३१ च्या जनगणनेत तिथल्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय होते. गोदीतले हमाल, कारकून, सावकार, शिंपी. आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटले की मंडालेचा तुरुंग आणि लोकमान्य टिळक आठवतात, पण तिकडे पोटासाठी गेलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात होती. १९४२ मध्ये त्यांतले लाखो लोक पायी आसामकडे निघाले आणि हजारो वाटेत मेले. जे निघू शकले नाहीत ते रंगूनमध्येच राहिले, आणि लिबरेटरचे बॉम्ब त्यांच्याही शहरावर पडले. १९४४ च्या जानेवारीत सुभाषबाबूंनी आपले मुख्य ठाणे रंगूनला हलवले. त्यामुळे आझाद हिंद सेनेचे सैनिकही याच विमानांच्या खाली होते.

सयामच्या लोहमार्गाचेही तसेच. क्वाय नदीवरच्या पुलामुळे युद्धकैदी जगाला माहीत झाले. पण त्या मार्गावर राबवलेल्यांत आशियाई मजुरांची संख्या कैद्यांहून कितीतरी जास्त होती, आणि त्यांत मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ फार होते. कॉलरा, मलेरिया आणि उपासमारीने मेलेल्या आशियाई मजुरांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास सांगितला जातो. त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. पूल पाडायला आलेल्या विमानांना खालचा कैदी, मजूर आणि पहारेकरी यांत फरक करता येणे शक्य नव्हते. नोव्हेंबर १९४४ च्या एका हल्ल्यात पुलाशेजारच्या तळावरचे दोस्तांचे युद्धकैदीच मारले गेले.

मग युद्ध संपले. अमेरिकेने ब्रिटनला ही विमाने उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली होती. करार असा की युद्धानंतर ती परत करा, विकत घ्या, नाहीतर नष्ट करा. परत न्यायचा खर्च विमानाच्या किमतीला परवडणारा नव्हता. कानपूरजवळच्या चकेरीला लिबरेटर गोळा केली गेली आणि ती पुन्हा उडण्याच्या लायकीची राहू नयेत अशी व्यवस्था करून सोडून दिली गेली. उपकरणे फोडली, पत्रे मोडले. इंजिनांत वाळू ओतली असेही सांगतात. नव्या देशाच्या वाट्याला आलेला हा वारसा म्हणजे पावसात उभे असलेले भंगार होते.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये लढाई पेटली होती. वायुदलाकडे अवजड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. डकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून हातांनी बॉम्ब ढकलून काम भागवले जात होते. नवी विमाने विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि कुणी लगेच देणारेही नव्हते. तेव्हा लक्ष गेले कानपूरच्या भंगाराकडे.

इथे आमच्या बंगळूरचा संबंध येतो, आणि सोलापूरचाही. हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने इथे काढला. स्वदेशी विमाने बनवण्याचे स्वप्न होते. जपानी युद्ध जवळ आले तसे सरकारने कारखाना हातात घेतला आणि तो अमेरिकन वायुसेनेचे दुरुस्ती केंद्र झाला. इथल्या हजारो कामगारांनी युद्धाची वर्षे अमेरिकन विमाने उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात घालवली. गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे इथेच रेखाटनाच्या टेबलावर बसले आणि १९५१ मध्ये एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे शिकाऊ विमान इथूनच उडाले. बनवायची संधी उशिरा मिळाली. दुरुस्त करण्याचे शिक्षण मात्र युद्धाने भरपूर दिले होते.

त्या शिक्षणाच्या जोरावर कारखान्याची माणसे कानपूरला गेली. एका विमानाचा चांगला भाग दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्याचे चाक तिसऱ्याला, असे करत एकेक विमान निदान एकदा उडेल इतके उभे करायचे. मग कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते बंगळूरला घेऊन येत. तिथे त्याची नीट दुरुस्ती होई. अशी ४२ लिबरेटर पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली काही विमाने वायुदलाच्या हाती आली आणि त्यांवर पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे चिन्ह हत्ती. लवकरच ती पुण्याला आली. पुढे सहा नंबरची स्क्वाड्रनही पुण्यातूनच लिबरेटर उडवू लागली. तिचे काम समुद्रावर टेहळणीचे.

माझे वडील पुण्याचे, विश्रांतवाडीत वाढलेले. लहानपणी लोहगावच्या बाजूने येणारा चार इंजिनांचा घरघराट त्यांना आठवतो. त्यांची आई पापड वाळत घालताना वर पाहून म्हणायची, “आलं बघ तुझं पिठाच्या गिरणीचं विमान.” ते लिबरेटर होते हे त्यांना साठी उलटल्यावर मी सांगितले. तोवर ते फक्त गिरणीचे विमान होते.

१९६८ च्या अखेरीस ही विमाने निवृत्त झाली. अमेरिका-ब्रिटनमध्ये तोपर्यंत बहुतेक सगळी लिबरेटर वितळवून झाली होती. नष्ट करण्यासाठी म्हणून जी कानपूरला टाकली, तीच जगात शिल्लक उरली. मग संग्रहालयांची पत्रे आली. एक लिबरेटर कॅनडाला गेले, एक अॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात. ब्रिटिश वायुसेनेच्या संग्रहालयाला १९७४ मध्ये त्यांचेच जुने केएन ७५१ भेट दिले गेले. एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचले आणि दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले. एक दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे.

पिमाच्या विमानावर आज ‘बंगे बकारू’ हे नाव रंगवलेले आहे, इंग्लंडमधल्या बंगे गावाच्या तळावरून उडणाऱ्या एका अमेरिकन विमानाचे. कॉलिंग्जचे विमान आधी ‘ऑल अमेरिकन’ झाले, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, मग ‘विचक्राफ्ट’. यांत फसवणूक नाही. मेलेल्या वैमानिकांच्या स्मरणार्थ हे रंग दिले आहेत, आणि त्या संस्था विमानाचा खरा पूर्वेतिहास लपवतही नाहीत. पण पाहणाऱ्याला दिसतो तो रंगच. ही यंत्रे युद्धात काही महिने लढली आणि भारतात वीस वर्षे उडाली. आज त्यांच्या अंगावर ते काही महिने आहेत, तेही दुसऱ्या विमानांच्या आयुष्यातले, आणि वीस वर्षे पुसलेली आहेत. मॉडेलच्या खोक्यातला डेकलचा कागद हेच लहान प्रमाणात करतो.

म्हणून मी माझे डेकल स्वतः केले. १९४८ ते १९५० या काळात आपल्या विमानांवर तिरंगी वर्तुळाऐवजी निळे अशोकचक्र होते. त्याआधी, इंग्रजांच्या काळात, पूर्वेकडच्या विमानांवरच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकलेला होता, कारण लाल दिसले की जपानी समजून आपलेच लोक गोळी झाडत. अशा निळ्या-फिकट निळ्या वर्तुळांच्या जागी चक्र आले. माझ्या मॉडेलवर ते दोनेक सेंटिमीटरचे होते आणि त्यात चोवीस आरे बसवायचे होते. पहिल्या तीन छपायांत आरे एकमेकांत मिसळून निळा डाग झाला. चौथ्यांदा जमले. चकचकीत काळ्या थरावर अॅल्युमिनियमचा रंग फवारून अंग चांदीसारखे केले होते. त्यावर चक्र पाण्यातून सरकवून बसवले आणि कापसाने दाबले.

मग प्रश्न उरला बॉम्बचा. दारे उघडी ठेवून आत बॉम्ब दाखवावेत असे पत्रिकेत सुचवले होते. पाच नंबरच्या स्क्वाड्रनकडे हे विमान बॉम्ब टाकण्यासाठीच आले होते, त्यामुळे ते लावणे खोटे ठरले नसते. पण चक्र लावले म्हणून या यंत्राचा जन्म नवा होत नाही. आधी त्याच प्रकारच्या विमानाखाली रंगूनचे हमाल होते, आझाद हिंदचे शिपाई होते, सयामच्या मार्गावरचे तमिळ मजूर होते. आणि नंतर तेच आपण गरजेपोटी उचलले, जोडले आणि अभिमानाने उडवले. मला यांतली एक गोष्ट खरी आणि दुसरी खोटी असे करता आले नाही. मी दारे बंद केली, आणि बॉम्ब त्यांच्या आत, मोजून, चिकटवून ठेवले. बाहेरून ते दिसत नाहीत.

गेल्या आठवड्यात वडील पुण्याहून आले. मॉडेल त्यांनी दोन्ही हातांनी उचलले, तोंडाजवळ धरले, फिरवून पाहिले. म्हणाले, “जड आहे रे चांगलंच. आत काय भरलंयस?”

“शिसं,” मी म्हटले. “नाहीतर शेपटीवर बसतं.”